देवगिरीला अख्खा दिवस द्या : मुंबईच्या शाळांतील सहल-समित्यांना खुले पत्र

प्रति,
सहल-समित्यांचे प्रमुख आणि सदस्य,
मुंबई व उपनगरांतील मराठी शाळा

विषय : देवगिरी-दौलताबाद किल्ल्याची सहल

सप्रेम नमस्कार.

पहिली घटक चाचणी उरकली की तुमच्या टेबलावर सहलीचा कागद येतो. बहुतेक वेळा तो टूरवाल्यानेच छापून दिलेला असतो. त्यातली छत्रपती संभाजीनगरची ओळ औरंगाबाद होतं तेव्हापासून तीच आहे : वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि जाता जाता दौलताबाद. माझी विनंती एवढीच आहे, की हे शेवटचं नाव उचलून पहिल्या दिवसावर न्या आणि तो दिवस दुसऱ्या कशालाही देऊ नका.

मी इतिहास शिकवत होते. निवृत्त झाले तरी ओळखीच्या शाळा अजून सोबतीला बोलावतात, कारण इतिहासाच्या बाई बरोबर असल्या की गाईडचे पैसे वाचतात असा एक समज आहे. (वाचवू नका. त्याबद्दल पुढे लिहिते.) त्यामुळे हा किल्ला मुलांना कसा दाखवला जातो हे मी जवळून पाहिलंय. वेरूळ पाहून मुलं दमलेली असतात, डबे संपलेले असतात आणि बस किल्ल्याच्या दारात लागते तेव्हा दुपार कलायला लागलेली असते. सर शिट्टी वाजवून सांगतात, "पाऊण तास. चाँद मिनारच्या पुढे कोणी जायचं नाही." मग मिनारासमोर वर्गाचा फोटो, तोफेवर बसणाऱ्याला दम, बाहेर पेरूच्या टोपल्या, आणि बस सुटते. परत आल्यावर निबंधात चाळीसपैकी पस्तीस मुलं एकच वाक्य लिहितात : महंमद तुघलक वेडा होता, त्याने राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि परत नेली.

एवढ्यासाठी तिकडे जायची गरज नाही. हे वाक्य वर्गात बसूनही लिहिता येतं.

रायगड दाखवूच नका असं मी कुठल्याही शाळेला सांगणार नाही. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग पाहायलाच हवेत. पण त्या गडांवर प्रामुख्याने एका माणसाची बुद्धी आणि एका राज्याचा काळ दिसतो. देवगिरीवर एकाच कातळावर आठ घराण्यांनी काम केलेलं दिसतं : यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल, थोडा काळ पेशवे आणि शेवटी हैदराबादचे निजाम. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११८७च्या सुमारास, सिन्नरकडची सत्ता इथे आणली तिथपासून १९४८पर्यंत साडेसातशे वर्षं हा डोंगर कोणा ना कोणाच्या कामाचा होता. आधीच्याने जिथे सोडलं तिथून पुढच्याने हात घातला. जे पाडलं त्याचे दगडही तिथेच नव्या कामाला लावले. पाठ्यपुस्तकात ही घराणी एकेका प्रकरणात सुटी सुटी येतात आणि परीक्षा झाली की मुलं ती विसरतात. इथे ती एकाच पायवाटेवर, एकमेकांना खेटून उभी आहेत.

म्हणून चढताना घाई नको. किल्ला खालून वर चढत जावा तसा धडा आपोआप उलगडत जातो, आपल्याला फार बोलावं लागत नाही.

सर्वांत बाहेरचा तट अंबरकोट. तो मुलं बसमधूनच ओलांडतात आणि बहुतेक वेळा झोपेत ओलांडतात. आतला महाकोट, तिथे तिकीट घेऊन आपण शिरतो. पहिल्या दारावर मोठमोठे अणकुचीदार खिळे दिसतात. ते हत्तीसाठी. दरवाजा फोडायला हत्तीला धडक मारायला लावत, म्हणून हे खिळे. पण मुलांना पुढची गोष्ट विचारा : दार ओलांडल्यावर वाट लगेच का वळली? हत्तीला धडक मारायला धावत यावं लागतं, आणि धावायला सरळ जागा लागते. ती मिळूच नये म्हणून वळण. वळणात शिरलेल्या शत्रूवर तिन्ही बाजूंच्या तटांवरून मारा करता येतो. हे मुलांना सांगू नका. दोघांना शत्रू करा, चौघांना तटावर उभं करा, त्यांचं त्यांनाच कळतं.

आत आल्यावर हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चाँद मिनार, मग कालाकोट, चिनी महाल, मेंढा तोफ आणि खंदक. खंदकाशी आलं की सगळ्यांना थांबवा आणि वर बघायला सांगा. डोंगर मुळात शंकूसारखा होता. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढलाय, अगदी सरळ, सुमारे पन्नास मीटर उंच, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढी भिंत. आपल्या मुलांना पंधरा मजले म्हणजे काय ते नीट माहीत आहे. ही भिंत बांधलेली नाही, उतरता डोंगर कापून ती काढली आहे, आणि पायथ्याचा खंदकही त्याच कातळात कोरलाय. शिडी लावायला जागा नाही, दोर टाकायला खाच नाही. मी हे जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा हातोडा-छिन्नी घेऊन इथे राबलेल्या पाथरवटांचा विचार मनात येतो. राजांची नावं आपण पाठ करून घेतो, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याकडे नाही.

खंदक ओलांडला की अंधारी. गाईड तिला 'अंधेरी' म्हणाला की मुंबईची मुलं 'पुढील स्थानक' असं एका सुरात ओरडतात. हसू द्या, पाच मिनिटांत गप्प होतात. कातळातून वर जाणारा तो वळणावळणाचा बोगदा आहे. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, वटवाघळांचा वास नाकात बसतो, आणि गाईडने मशाल विझवली की स्वतःचा हात दिसत नाही. बाहेरच्या उजेडातून आलेला सैनिक इथे आंधळा होई, आतल्याचे डोळे मात्र अंधाराला सरावलेले असत. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवायची सोय होती. धूर बोगद्यात भरला की पुढे जाणं अशक्य. इथे शिक्षकांनी एकच काळजी घ्यायची : ज्या मुलांना अंधाराची किंवा कोंडल्याची भीती वाटते त्यांना आधी विचारून ठेवायचं आणि बळजबरी करायची नाही. प्रत्येक गटाकडे दोन टॉर्च हवेत, मोबाइलवरचे नकोत, ते हातातून पडतात.

एवढं पाहिल्यावर मुलांना विचारा, हा किल्ला कोणी जिंकला असेल आणि कसा? सगळा वर्ग म्हणतो, कोणीच नाही. मग १२९६ सांगायचं. अलाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. काका जलालुद्दीनला न सांगता तो विंध्य ओलांडून काही हजार घोडेस्वारांनिशी इथे येऊन धडकला. यादव राजा रामदेवरायाचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. राजा किल्ल्यात शिरला, दारं लागली. पुढची हकिगत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे : घाईघाईत किल्ल्यात भरलेली पोती धान्याची समजून घेतली होती, ती निघाली मिठाची. तपशील खरा असो वा नसो, किल्ला भिंत फोडून पडला नाही, उपासमारीच्या भीतीने शरण आला. इथून नेलेल्या संपत्तीच्या जोरावर अलाउद्दीनने त्याच वर्षी काकाचा काटा काढून दिल्लीचं तख्त घेतलं. देवगिरीच्या कोठारातल्या एका चुकीचा दिल्लीच्या इतिहासावर असा परिणाम झाला.

नंतरही हेच घडत राहिलं. १६३३मध्ये शाहजहानचा सेनापती महाबतखान आला तेव्हा त्याने सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, पण वरचा डोंगर त्यालाही चढून घेता आला नाही. आतलं धान्य संपत आलं आणि मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने किल्ला स्वाधीन केला. पंधरा मजल्यांची भिंत पोट भरत नाही, हे आठवीच्या मुलाला पटकन कळतं. अर्थशास्त्राच्या बाईंनाही बरोबर न्या असं मी म्हणते ते याचसाठी.

बाहेरचे तट का वाढत गेले तेही याच ओघात सांगता येतं. यादवांच्या काळात शत्रूकडे हत्ती, शिड्या, बाण होते. उभा कातळ आणि वळणाची वाट पुरेशी होती. तोफा आल्या आणि शत्रूला भिंतीपाशी यायची गरज उरली नाही. त्याला लांबच थोपवायचं तर बाहेर तटांच्या रांगा हव्यात आणि बुरुजांवर आपल्याही तोफा हव्यात. मेंढा तोफ पाहताना हे दाखवा. मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड कोरलंय म्हणून तिचं हे नाव. ती फिरवता यावी म्हणून गोल बुरुजावर मधल्या खुंटीवर बसवलेली आहे. म्हणजे किल्ल्याच्या आतल्या भागात कातळ, बाहेरच्या भागात दारूगोळा. शस्त्रं बदलली तसा किल्ला बाहेर बाहेर वाढत गेला, झाडाची साल वाढते तसा नव्हे, गरज पडेल तिथे आणि तेवढाच.

आता तुघलक. त्याला वेडा ठरवून आपण मुलांचं नुकसान करतो. १३२७मध्ये त्याने देवगिरीला राजधानीचा दर्जा दिला आणि दौलताबाद नाव ठेवलं, तेव्हा त्याचं राज्य दक्षिणेत फार खोलवर पसरलं होतं. दिल्लीहून तिथला कारभार हाकणं अवघड होतं आणि हा किल्ला बराच मध्यावर होता. अख्खी दिल्ली रिकामी झाली हेही तंतोतंत खरं नाही. त्याच सुमाराचे दिल्लीतले शिलालेख सांगतात की तिथे लोक राहत होते, विहिरी खोदत होते. इकडे आणले गेले ते प्रामुख्याने सरदार, अधिकारी, विद्वान, सूफी. प्रवासात लोकांचे हाल झाले, योजना फसली, सुलतान क्रूर होता, यातलं काहीच लपवायचं नाही. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. आलेल्यांपैकी बरेच जण परत गेलेच नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीबसारखे सूफी इथेच राहिले, शेजारच्या खुलताबादला त्यांचे दर्गे आहेत. उत्तरेची बोली मराठी-कानडी-तेलुगूच्या सहवासात राहिली आणि दखनी ही बोली तयार झाली. आणि १३४७मध्ये तुघलकाविरुद्ध बंड करून बहमनी राज्य उभं राहिलं तेही याच किल्ल्यात. हसन गंगूचा राज्यारोहण-समारंभ इथला, राजधानी मात्र त्याने लगेच गुलबर्ग्याला हलवली. म्हणजे फसलेल्या योजनेतून दख्खनचा पुढचा दीड-दोनशे वर्षांचा इतिहास निघाला. निबंधात एवढं आलं तरी मी पैकीच्या पैकी देईन.

लहान वर्गासाठी इब्न बतूताचे उंदीर ठेवा. हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात इथे येऊन गेला. किल्ल्यातल्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर असतात आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं त्याने ऐकून लिहून ठेवलंय. पाचवीतला वर्ग बाकी काहीही विसरेल, उंदीर विसरणार नाही.

ज्या दोन गोष्टींसाठी मी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं त्या मात्र कुठलाच गाईड आपणहून सांगत नाही.

पहिली लखुजी जाधवरावांची. जिजाबाईंचे वडील, सिंदखेडचे जाधव, निजामशाहीतले मोठे सरदार. १६२९च्या जुलैत दुसऱ्या मूर्तझा निजामशहाच्या दरबारात, याच दौलताबादमध्ये, त्यांना मुलांसह आणि नातवासह दगा करून मारलं. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. माहेरची तीन पिढ्यांची माणसं एका दिवसात गेली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. सिंदखेडचे जाधव आपलं मूळ देवगिरीच्या यादवांत सांगत, म्हणजे पूर्वजांच्या गडावर परक्याच्या चाकरीत असताना हे मरण आलं. शिवजयंतीला आपण दरवर्षी पाळणा म्हणतो, पण या किल्ल्यात मुलांना उभं करून ही गोष्ट सांगणारी शाळा मला अजून भेटलेली नाही. दाराशी उभं राहून नका सांगू. आत या, मुलं बसू द्या, मग सांगा.

दुसरी जनार्दनस्वामींची. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या नोकरीत असलेले हे दत्तभक्त इथले किल्लेदार होते अशी परंपरा आहे आणि माथ्याजवळ त्यांचं स्थान दाखवतात. पैठणचा पोरसवदा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आला तो याच डोंगरावर. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसलेला एकनाथ, चूक सापडल्यावर त्याने वाजवलेली टाळी आणि 'एका पैसाठी एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडली तर किती होईल' असं विचारणारे स्वामी, ही गोष्ट मुलांना आजीकडून माहीत असते. ती कुठे घडली हे माहीत नसतं. मुसलमान राजवटीच्या लष्करी ठाण्यावर एक मराठी ब्राह्मण अधिकारी आणि त्याचा शिष्य परमार्थ करत होते, हे चित्र मुलांच्या डोक्यातल्या सरळसोट इतिहासात बसत नाही. बसत नाही म्हणूनच ते दाखवायला हवं. याच डोंगराच्या राज्यात, रामदेवरायाच्या काळात, शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानोबांनी या राजाचं नाव घेतलंय. तेही मराठीच्या सरांना सांगून ठेवा.

भारतमाता मंदिरापाशी काही शिक्षक अवघडतात. एकतर पटकन नमस्कार करून पुढे, नाहीतर बाहेरूनच पुढे. तसं करू नका. मुबारक खिलजीने १३१८च्या सुमारास यादवांचं राज्य कायमचं बुडवलं, त्यांचा शेवटचा राजा हरपालदेव याला हालहाल करून मारलं आणि मंदिरांचे खांब वापरून इथे मशीद उभारली. ते खांब आजही आत ओळीने उभे आहेत, कोरीवकाम हात लावून पाहता येतं. १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर इथे भारतमातेची मूर्ती बसली. या सगळ्या गोष्टी एका दमात, एकाच आवाजात सांगायच्या. एकीला दबक्या आवाजात आणि दुसरीला घोषणेच्या सुरात सांगितलं की मुलं सूर लक्षात ठेवतात, गोष्ट विसरतात. मुलं विचारतात, "बाई, मग हे नक्की कोणाचं?" मी त्यांना म्हणते, खांब बघा, कोणत्या खांबावर काय कोरलंय ते वहीत काढा, मग तुम्हीच मला सांगा. दरवर्षी उत्तरं वेगळी येतात आणि मला ते आवडतं.

१९४८वर थोडं थांबाच. मुंबईच्या मुलांना स्वातंत्र्य म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ एवढंच माहीत असतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ला, म्हणजे तेरा महिन्यांनी आलं, हे ऐकून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ज्यांचे आजोबा जालना-परभणीकडून गिरणीत कामाला आले, अशी मुलं आपल्या वर्गात असतातच. एखाद्याच्या घरी रझाकारांच्या आठवणी निघतील. त्याला बसमध्ये माइक द्या. अंताक्षरी परतीच्या वाटेवरही खेळता येते.

बाकी चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा १६८७नंतर औरंगजेबाच्या कैदेत मरेपर्यंत राहिला, वरची बारादरी शाहजहानच्या मुक्कामासाठी बांधली असं सांगतात, आणि १७६०मध्ये उदगीरच्या विजयानंतर किल्ला पेशव्यांकडे आला, ती लढाई जिंकणारे सदाशिवराव भाऊ पुढच्याच जानेवारीत पानिपतावर पडले. हे वाटेत येईल तसं सांगा.

आता मुंबईतली तयारी. देवगिरीला नेण्याआधी एका शनिवारी मुलांना शीवच्या किल्ल्यावर न्या. स्टेशनपासून चालत जाता येतं, खाली बाग आहे, टेकडी लहान आहे, आणि पायथ्याशीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मुंबईचं कार्यालय आहे. सतराव्या शतकात, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना, इंग्रजांनी ही टेकडी राखायला घेतली, कारण खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या पहारेकऱ्यांची झोप उडाली असणार. वर उभं राहून मुलांना विचारा, शत्रू कुठून येईल, पाणी कुठून आणाल, किती दिवस टिकाल? एका टेकडीवर हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की देवगिरीवर मुलं आपणहून विचारतात. शिवाय 'फोर्ट' म्हणजे ऑफिसांचा आणि खादाडीचा भाग, हा आपल्या मुलांचा गैरसमजही निघतो. त्या कोटाचे तट १८६०च्या दशकात बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत पाडले गेले. शीवची टेकडी शिल्लक आहे, तिचा उपयोग करू या.

जाण्याचं गणित सोपं आहे. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सीएसएमटीहून निघते आणि उजाडायच्या आत संभाजीनगरला पोचवते. मुलं गाडीत झोपतात (म्हणजे झोपायला हवीत). धर्मशाळेत किंवा हॉटेलात तोंडं धुऊन, पोहे खाऊन सकाळीच किल्ल्याच्या दारात उभं राहता येतं. मराठवाड्याचं ऊन डिसेंबरातही दुपारी टोचतं, त्यामुळे चढाई सकाळीच व्हायला हवी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. तुमची सहल मंगळवारी तिथे पोचत असेल तर टूरवाला सांगेल की दिवस वाया जातोय. तो दिवस किल्ल्याला द्या, वाया काही जात नाही.

सगळ्यांनी माथा गाठायलाच हवा असा हट्ट नको. ज्यांना चढणं जमत नाही, दमा आहे, पाय दुखावलाय, त्यांच्यासाठी महाकोटात तीन तासांचं काम सहज आहे : दरवाजे, खांब, हौद, मिनार. त्यांच्याबरोबर एक चांगला शिक्षक खाली ठेवा, ज्याला स्वतःला चढायचं नाही तो नव्हे. वर जाणाऱ्यांकडे पाण्याची बाटली आणि वही. स्पीकर कोणाकडेही नको.

आणि गाईड. सहलीच्या हिशेबात पहिला काट त्याच्यावर बसतो, म्हणून तो पाऊण तासात मिठाची पोती आणि वेडा तुघलक एवढं उरकून पुढच्या गटाकडे पळतो. त्याचा दोष नाही. आधी फोन करून सांगा की आम्हाला अख्खी सकाळ हवी आहे आणि तेवढे पैसे देऊ. मग बघा तो काय काय दाखवतो. अंधारीतला कोणता कोपरा फसवा आहे, पाणी कुठून कुठे जायचं, कोणत्या तटावर उभं राहिलं की कुठला आवाज ऐकू येतो, हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे, ते माझ्या पुस्तकात नाही. त्यांच्या काही कथा फुगवलेल्या असतात. त्या वहीत वेगळ्या पानावर लिहायला सांगा आणि परत आल्यावर वर्गात तपासा. इतिहासाचा तेवढाच तास फुकट न जाणारा होतो.

पालकसभेत कोणीतरी विचारेलच, "एका किल्ल्यासाठी पूर्ण दिवस? मग पाणचक्कीचं काय?" पाणचक्की संध्याकाळी पाहून होते. मकबराही होतो, मावळतीला जास्त चांगला दिसतो. तक्रार खर्चाची असेल तर एक मुक्काम वाढतोय की नाही ते आधी तपासा. बहुतेक आराखड्यांत वाढत नाही, फक्त क्रम बदलतो.

तुमच्या समितीची बैठक ऑगस्टमध्ये होते. त्याआधी कोणाला दिवसभराचा आराखडा, मुलांना विचारायचे प्रश्न किंवा शीवच्या टेकडीवरच्या तयारीसाठी सोबत हवी असेल तर शाळेने अवश्य कळवावं. मी येईन, मानधन नको. फक्त सहल पाऊण तासाची असेल तर मला बोलावू नका.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका, मुलुंड